एकाच हातची दोन पत्रं

लग्नासाठी मी एकच अट घातली होती. फौजेतला नको.

त्या काळात आमच्याकडे मुलीनं अट घालायची रीत नव्हती. पण धाड या माझ्या माहेरगावी आमच्या भिंतीला भिंत लागून माझी मैत्रीण राहायची, आणि चीनच्या लढाईत तिचा नवरा बेपत्ता झाला होता. कागदावर 'बेपत्ता' असंच लिहून आलं होतं. मेला असं कोणी म्हणेना, जिवंत आहे असंही कोणी म्हणेना. सहा महिने ती कपाळाला कुंकू लावत होती आणि सहा महिने गावातल्या बाया तिच्या कपाळाकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी तिच्या सासरच्यांनीच एक दिवस येऊन तिच्या बांगड्या फोडल्या. मी तेव्हा दारात उभी होते. फुटलेल्या काचा तिनं स्वतःच केरसुणीनं गोळा केल्या, कारण अंगणात लहान लेकरं खेळत होती. मी घरी येऊन मायला म्हटलं, "मले काळा द्या, गरीब द्या, बिजवर द्या. फौजेतला देऊ नका." मायनं बाबांना सांगितलं. बाबा हो म्हणाले.

बाबा माळवं पिकवायचे. वांगी, मिरच्या, कोथिंबीर, हंगामात कांदे. धाडच्या बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली होती, आणि शब्दाचा पक्का माणूस अशी त्यांची ओळख होती. सकाळी सांगितलेला भाव ते संध्याकाळी बदलत नसत. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दुसरबीडजवळच्या एका खेड्यातलं स्थळ घेऊन ते आले आणि मुलगा फौजेत आहे म्हणाले, तेव्हा मला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं.

"फौजेत हाय, पण लढणारा नाई," बाबा म्हणाले. "रेडिओचा मिस्त्री होय. बिनतारी यंत्रं दुरुस्त करते. त्याच्या हाती बंदूक नसते, पाना असते."

"नक्की?"

"मी तुले खोटं सांगीन का?"

मुलगा बघायला आला, तेव्हा आमच्या एका नातेवाइकानं आपला बिघडलेला रेडिओ ओसरीत आणून ठेवला होता. फुकटात मिस्त्री मिळतोय तर कोण सोडेल? मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते रेडिओची पाठ उघडून बसले होते. त्यामुळे मी त्यांचा चेहरा नंतर पाहिला, हात आधी पाहिले. काचेची छोटी नळी त्यांनी दोन बोटांत धरली होती आणि तिच्यावरची धूळ ते फुंकून काढत होते. पाखराचं अंडं धरावं तशी धरली होती. माझ्या आत्यानं मुद्दाम विचारलं, "बंदूक चालोता येते का तुमाले?"

ते हसले. "शिकवतात हो. परेडपुरती. बाकी आमचं काम टेबलावरचं."

रेडिओ लागला, ओसरीतले सगळे खूश झाले, आणि मी हो म्हटलं.

लग्नानंतर वर्षभरात ते दोनदा रजेवर आले. दुसऱ्या रजेनंतर मला दिवस गेले. मी सासरीच होते. सासऱ्यांचा मळा गावाला लागून होता आणि सासू दिवसभर तिथंच असायची. दोघंही मायाळू. मला ते कधी टाकून बोलले नाहीत. सासऱ्यांना वाचता यायचं, सासूला नाही. मी सातवी पास होते. त्या खेड्यात सातवी पास सून म्हणजे मोठी गोष्ट होती. शेजारपाजारच्या बाया चिठ्ठ्या वाचून घ्यायला माझ्याकडे यायच्या.

महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती. त्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या आणि त्याच दिवसांत पाकिस्तानशी लढाई जुंपली. ग्रामपंचायतीसमोर रेडिओ ऐकायला सारं गाव जमू लागलं. मीही एकदा पदर घेऊन निघाले, तर सासऱ्यांनी दारात अडवलं.

"पोटुशी बाईनं लढाईच्या बातम्या ऐकू नये बाई. लेकरावर परिणाम होते."

मला ती माया वाटली. मी माघारी फिरले.

मला वाईट याचं वाटायचं की बाकीच्यांच्या घरी काळजी आणि माझ्याच घरी निवांतपणा. आमच्या शेजारच्या मावशीचा मुलगा पायदळात होता. तिला रात्र-दिवस झोप नव्हती. चुलीवर दूध ठेवायची आणि विसरायची. मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, समजूत काढायचे. माझं पत्र आलं की तिला वाचून दाखवायचे. 'दिवसभर टेबलावर बसून रेडिओ उघडतो. इथे चहा चांगला मिळतो. आमच्यापासून लढाई फार लांब आहे.' एवढं वाचून मी म्हणायचे, "मावशी, आमचे लढणारे नाईत म्हणून मले घोर नाई. तुमचा मात्र लढणारा."

मावशी माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "हाव बाई. तुह्यं नशीब चांगलं."

हे वाक्य मी तिच्या तोंडून तीन-चार वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी मला ते खरंच वाटलं.

पोष्टमन नेहमी सायकल घेऊन मळ्यावर जायचा आणि पत्रं सासऱ्यांच्या हातात द्यायचा. सासरे संध्याकाळी येऊन माझं पत्र मला द्यायचे. त्या दिवशी सासरे मेहकरला गेले होते, सासू लांब मिरच्यांत वाकलेली होती, मळ्यावर पत्र घ्यायला कोणी दिसलं नाही, म्हणून पोष्टमन घरी आला. पितरांचा पंधरवडा सुरू होता. मी वड्यांसाठी डाळ वाटत होते. हात धुऊन बाहेर आले, तर त्यानं माझ्या हातावर दोन पत्रं ठेवली. दोन्ही निळी, दोन्हींवर फौजेचा शिक्का. एकावर माझं नाव, एकावर सासऱ्यांचं.

"दोन?" मी म्हटलं.

"नेहमी दोनच येतात की," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईनं सायकलवर टांग टाकून निघून गेला.

मी आधी माझं पत्र उघडलं. टेबल होतं, चहा होता. तब्येतीला जप, गूळ-शेंगदाणे खात जा, असं होतं. मग मी सासऱ्यांचं पत्र उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे मला ठाऊक होतं. तरी उघडलं.

अक्षर तेच, शाई तीच, तारीख तीच. फक्त त्या पत्रात कोणीतरी काळ्या शाईनं पाच ओळी पूर्ण खोडून टाकल्या होत्या. लढाईच्या दिवसांत फौजेचे साहेब पत्रं तपासून मग टपालात टाकतात, हे मला नंतर कळलं. माझ्या पत्रावर तसला एक ठिपकाही नव्हता. माझ्या पत्रात खोडण्यासारखं काही नव्हतंच.

न खोडलेल्या ओळींत लिहिलं होतं की, पुढच्या चौकीवरचं यंत्र बंद पडलं म्हणून त्यांना दोन शिपायांबरोबर पुढं पाठवलं होतं. ते परत येऊ शकले नाहीत. तीन दिवस खंदकात होते. त्यांच्याशेजारचा यंत्रावर बोलणारा माणूस गेला. 'मला बंदूक दिली. ती चालवावी लागली. बाबा, हातून काय काय झालं ते लिहवत नाही. डाव्या कानाला ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात येईल. पुन्हा पुढे जावं लागेल असं दिसतं.' आणि सगळ्यात खाली, 'तिच्या पत्रात नेहमीप्रमाणे लिहिलं आहे. तिला कळू देऊ नये.'

खंदक, बंदूक, कान, हे सगळं मी वाचलं आणि ते माझ्यात कुठं पोचलंच नाही. 'नेहमीप्रमाणे' हा एक शब्द तेवढा पोचला. मी उठून माझी जुनी सगळी पत्रं काढली. अकरा होती. म्हणजे दुसरीही अकरा असणार, घरात कुठंतरी. मी ती शोधली नाहीत. पाट्यावरची डाळ तशीच राहिली आणि आंबली.

संध्याकाळी सासरे आले. मी त्यांच्यासमोर उघडं पत्र ठेवलं. त्यांनी आधी पत्राकडे पाहिलं, मग सासूकडे.

"दुसऱ्याची चिठ्ठी उघडायची नसते, सूनबाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता.

"माह्या नवऱ्याची होती, मामाजी."

"पोटात लेकरू हाय तुह्या," सासू म्हणाली. "कसं सांगावं बाई? तूच सांग, कसं सांगावं?"

"आत्याबाई, तुमी जेवता कशा? मले वाढून, माह्यासमोर बसून, कशा जेवल्या तुमी इतके दिवस?"

सासू रडायला लागली. मी रडले नाही. त्यांचं रडणं खरं होतं, त्यांचा तो एकुलता एक मुलगा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. इतके दिवस ते दोघं माझ्यापाठीमागे, मळ्यात, बहुतेक मिरच्यांच्या ओळींत बसून रडून येत असतील आणि घरी येताना डोळे पुसत असतील. पण मला दया आली नाही. मला एवढंच दिसलं की या घरात रडणारी माणसं दोन होती आणि मी तिसरी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या मावशीकडे गेले.

"मावशी, तुमाले ठाऊक होतं?"

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "हाव."

"कवापासून?"

"पयल्यापासून. माह्या पोरानं लिवलं होतं, आपल्या गल्लीतला मिस्त्रीही इकडंच हाय म्हणून. तुह्या सासऱ्यानं हात जोडले बाई माह्यासमोर."

त्या सगळ्या दिवसांत मला सरळ उत्तर देणारी ती एकटीच निघाली. आणि मी तिलाच जाऊन सांगत होते की आमचे लढणारे नाहीत. मुलगा आघाडीवर असलेल्या बाईला मी धीर देत होते, आणि ती माझं अज्ञान सांभाळत होती. मला तिथं उभं राहवेना.

सातवा महिना लागला होता. माझा भाऊ मला न्यायला आला. दोन एस.टी. बदलून आम्ही धाडला पोचलो. वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. मनात एकच होतं. बाबांना सांगायचं. बाबा चिडतील. आपण मुलीला दिलेला शब्द या लोकांनी खोटा पाडला म्हणून ते माझ्या सासरी जाऊन भांडतील. कोणीतरी माझ्या बाजूनं चिडावं, एवढंच मला हवं होतं.

बाबा बाजाराच्या टोपल्या धूत होते. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी टोपली पालथी घातली, दुसरी घेतली. ऐकून झाल्यावर मायकडे बघितलं. ते बघणं मी ओळखलं. सासऱ्यांनी सासूकडे असंच बघितलं होतं.

"तुमालेही ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तुह्या सासऱ्यांनी निरोप धाडला होता," माय म्हणाली. "महालक्ष्म्या उठल्या तवाच."

"बाबा?"

"बस आधी. उभी राहू नको."

"तुमी म्हणाले होते, त्याच्या हाती पाना असते."

बाबांनी हातातली ओली टोपली झटकून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "फौजेत गेलेला माणूस फौजेतलाच असते पोरी. मिस्त्री असो का सैपाकी असो. वेळ आली का सगळ्याइले एकच काम."

"हे आता कळलं तुमाले?"

"मले तवाही कळत होतं."

"मंग?"

"पोरगा निर्व्यसनी होता. पगार बांधलेला. घर चांगलं. तू हो म्हणत नव्हती. तुले हो म्हणायले लावाचं होतं मले." ते हळूच पुढं म्हणाले, "बापाले पोरीचं बरं दिसते बाई. बाकी नशीब."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा टोपल्या धुवायला घेतल्या. मी आत गेले. भिंतीपलीकडं माझी मैत्रीण भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. तिच्याकडे जाऊन बोलावं असं वाटलं आणि काय तोंडानं जावं हेही वाटलं. तिच्या फुटलेल्या बांगड्या बघून मी जी अट घातली होती, ती सगळ्यांनी मान हलवत ऐकली होती, आणि त्यातल्या एकानंही ती खरी धरली नव्हती.

लढाई थांबली. दिवाळीनंतर मला मुलगी झाली. संक्रांतीच्या सुमारास ते रजेवर आले आणि थेट धाडला आले. बारीक झाले होते. मुलीला त्यांनी त्या काचेच्या नळीसारखंच, दोन बोटांत धरल्यासारखं उचललं. ती रडायला लागली, की ते एका बाजूला मान वळवून ऐकायचे. डावा कान गेला तो गेलाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी त्यांना मळा बघायला नेलं आणि मी भाकरी घेऊन मागून गेले. बाबा पाणी वळवायला गेल्यावर आम्ही दोघंच बांधावर बसलो. मी त्यांच्या डावीकडं बसले होते. त्यांच्याकडं न बघता मी म्हटलं, "तुमी खंदकात मेले असते, तर मी कोणत्या नवऱ्यासाठी रडले असते? टेबलावरच्या?"

ते भाकरी मोडत राहिले. मला वाटलं, त्यांना उत्तर द्यायचं नाही. मग लक्षात आलं की त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी उठले, त्यांच्यासमोरून फिरून उजव्या बाजूला जाऊन बसले आणि तेच पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा ते रागानं आलं होतं. दुसऱ्यांदा ते मुद्दाम, शब्द शब्द जुळवून म्हणावं लागलं, आणि म्हणताना माझा आवाज फाटला.

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "तुले त्रास नको म्हणून लिवलं नाई."

"तुमच्या बाबाले त्रास दिला. आईले दिला. शेजारच्या मावशीले ठाऊक. पोष्टमनले ठाऊक. मलेच काऊन नाई दिला त्रास? मी कोण होये तुमची?"

मग त्यांनी सांगितलं. पुढच्या चौकीवर यंत्र नीट करून ते निघणारच होते, तेवढ्यात तोफा सुरू झाल्या. पहाटे समोरून माणसं आली. सुभेदारानं पडलेल्या शिपायाची बंदूक उचलून त्यांच्याकडं फेकली. 'मिस्त्री, उठाओ.' ते म्हणाले, 'साहब, मेरा काम सेट का है.' सुभेदार चिडला नाही, फक्त म्हणाला, 'आज सबका एक ही काम है.'

"भरती झालो तवा मलेही असंच सांगतलं होतं," ते म्हणाले. "तुले रेडिओचं येते ना, मंग तू वर्कशॉपात राहशील, टेबलावर. मी खूश झालो. सही केली त्या कागदावर लिवलेलं होतं सगळं, जिथं धाडू तिथं जाशील, जे सांगू ते करशील. मी वाचलं नाई. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाह्यलं."

"मीही तुमच्या तोंडाकडेच पाह्यलं होतं," मी म्हटलं. "परेडपुरती म्हणाले होते तुमी."

"तवा तेच खरं वाटत होतं मले."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांना तेव्हा ठाऊक नसेल. पण टेबलावरची ती पत्रं लिहिली तेव्हा ठाऊक होतं. ते मी त्यांना म्हटलं. तेवढ्यात बाबा पाणी वळवून येताना दिसले, आणि मी भाकरीचं फडकं आवरायला घेतलं. ते जाण्याआधी मी एवढंच मागून घेतलं की यापुढं घरात पत्र एकच येईल, ते माझ्या नावावर येईल आणि त्यात खरं असेल. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

तो शब्द त्यांनी पाळला. एका कानाचा माणूस म्हणून त्यांना नंतर आघाडीच्या मागच्या कामावर ठेवलं होतं, पण सहा वर्षांनी पुन्हा लढाई झाली तेव्हा माणसं कमी पडली आणि ते पुन्हा पुढं गेले. पत्र माझ्या नावावर आलं. तोवर सासरे वारले होते. सासू दारात बसून होती. "काय लिवलं माह्या पोरानं?" तिनं विचारलं.

पत्रात पुष्कळ होतं. जळालेली गाडी, तिच्यातून ओढून काढलेला माणूस, आणि काळ्या शाईनं खोडलेल्या ओळी. मला गाळता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. टेबलावर बसतात म्हणून सांगितलं असतं, तर म्हातारी दोन घास जेवली असती. मी एक ओळही गाळली नाही. कुठं किती खोडलंय तेही सांगितलं.

ऐकून ती म्हणाली, "येवढं काऊन वाचलं बाई? थोडं ठेवाचं होतं की."

मी म्हटलं, "या घरात आता खरंच वाचायचं असं ठरलं हाय, आत्याबाई."

तेव्हा मला वाटलं होतं की मी खऱ्याची बाजू घेतली. पण माझ्या आवाजात काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि तिलाही कळलं होतं. त्या महिन्यात तिचं जेवण निम्म्यावर आलं. ते धडधाकट परत आले, पेन्शन घेऊन मेहकरला त्यांनी रेडिओचं दुकान टाकलं, मुलीचं लग्न झालं, सगळं नीट झालं. सासूची सेवा मी शेवटपर्यंत केली, त्यात कसूर केली नाही. पण त्या दिवसानंतर तिनं मला कधीच कोणतं पत्र वाचून दाखवायला सांगितलं नाही. पत्र आलं की ते माझ्या हातात पडेपर्यंत ती थांबायची, आणि मग काहीतरी काम काढून मळ्याकडं निघून जायची.